चार बोटं कमी

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पैज लावून सांगतो. या कारखान्यात बसून मी आजवर काय काय सांगितलं! स्वतःच्याच मयताला चालत आलेला पोस्टमन, हाक मारली की येणारा रंधा, वाऱ्याने उडून शेजारच्या गावात वाजलेली घंटा. सगळ्यांवर तुम्ही माना डोलावल्यात. आता ही एकच गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे, तर हिलाच तुम्ही हसाल. हसा बापडे. पेटीवरचं व्हार्निश वाळायला अजून तासभर आहे. तोवर कबर खणाऱ्याला फावडं टेकून बसण्यावाचून आणि घंटावाल्याला जांभया देण्यावाचून दुसरा उद्योग नाही.

गोष्ट एका पेटीवाल्याची. माणसं पुरायच्या पेट्या, दागिन्यांच्या नव्हेत. आणि आधीच सांगून ठेवतो, तो मी नव्हे. त्याची दाढी पांढरी होती, तो एकटा राहायचा, आणि त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख करवतीने नेलं होतं.

"तुमचंही नेलंय की," घंटावाला म्हणाला.

सुतारांचे अंगठे सगळीकडे सारखेच असतात. मध्ये बोलू नकोस.

तर या पेटीवाल्याला एक थोरला भाऊ होता. उंच. इतका उंच, की चर्चमध्ये गुडघे टेकून बसला तरी मागच्या बाकावरच्यांना वेदी दिसायची नाही. उभा राहिला की फादरांना वाटायचं, आता हा परस्पर वर विचारून येतो की काय. शाळेत मास्तर होता. जीभ पट्टीसारखी, सरळ आणि लागणारी. जन्मात खोटं बोलला नाही. घरात खोटं बोलायचं काम धाकट्याकडे होतं, आणि ते तो मन लावून करायचा.

दोघांचं बरं चाललं होतं. मग आई गेली.

आईची पेटी अर्थात धाकट्यानेच केली. ठेवणीतलं लाकूड काढलं, दोन दिवस पाठ टेकली नाही, झाकणावर मधोमध क्रूस आणि चारी बाजूंनी द्राक्षाची वेल कोरली. पानाची शीर न् शीर दिसत होती. चर्चमध्ये पेटी ठेवली तेव्हा लोक आईला विसरले आणि वेलच बघत बसले. "वा! याला म्हणतात हात!" धाकटा मान खाली घालून उभा होता, पण मान खाली घालूनही माणसाला ऐकू येतंच.

तेवढ्यात थोरल्याने झाकणावर हात ठेवला आणि वर्गात बोलावं तसं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आई शेवटची चार वर्षं डगमगत्या खुर्चीवर बसली. दर रविवारी तुला सांगायची, बाळा, एवढा पाय बसवून दे. एक खिळा मारायला तुला सवड झाली नाही. मग ही वेल कुणासाठी काढलीस रे? तिच्यासाठी, की या लोकांसाठी?"

खोटं असतं तर धाकट्याने हसून सोडून दिलं असतं. खोट्याशी त्याचा जुना घरोबा. पण ते खरं होतं, आणि खरं त्याला पचायचं नाही. तो एवढंच म्हणाला, "तुझ्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही." आणि त्याने ठेवला नाही. आयुष्यात दिलेला एवढा एकच शब्द त्याने पाळला. बघा, पाळायला कुठला शब्द निवडला!

अकरा वर्षं. दोन घरांत अंतर किती, तर चार गल्ल्या. एक भाऊ सकाळच्या पहिल्या उपासनेला जायचा, दुसरा दुसरीला. पहिली सुटायची तेव्हा दुसरी भरायची, म्हणून धाकटा बाजूच्या दाराने बाहेर पडायचा. मग दिवसभर तो आणि लाकूड. एकट्याचा स्वयंपाक. जेवताना पेटीचं झाकण आडवं टाकायचं, हेच टेबल. समोर कुणी नाही म्हणून तो ताटातल्या भाकरीला गोष्टी सांगायचा. आता भाकरी बिचारी किती हसणार! गावातली माणसं यायची ती रडत यायची, माप सांगायची आणि जायची. "कसे आहात?" असं पेटीवाल्याला कुणी विचारत नाही. त्याने उलट विचारलं तर काय घ्या, अशी धास्ती असते.

मग थोरला आजारी पडला. लांबलेलं आजारपण. त्याने धाकट्याला तीनदा निरोप धाडला. निरोप घेऊन यायची ती पुतणी, बापासारखीच उंच आणि बापासारखीच कमी बोलणारी.

पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "काका, बाबांना बरं नाही."

"मग डॉक्टरला सांग. माझ्याकडे येण्याइतकं काही झालेलं नसेल." आणि आपल्याच विनोदावर हसला. ती हसली नाही.

दुसऱ्यांदा म्हणाली, "बाबा विचारत होते, काका कसे आहेत."

"सांग त्यांना, अजून उभा आहे."

तिसऱ्यांदा आली ती दारातच थांबली. मग पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाली, "बाबांनी सांगितलंय, मी जे बोललो ते मागे घेत नाही. पण तू ये."

पेटीवाल्याचा रंधा तिथेच थांबला. 'मागे घेतो' असं म्हटलं असतं तर तो तसाच, अंगावरचा भुसाही न झटकता धावला असता. पण 'मागे घेत नाही, पण ये' याचं काय करायचं? हे असलं आमंत्रण त्याने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. दोष तसाच ठेवून माणसाला जवळ बोलवायचं, म्हणजे काय? तो म्हणाला, "शनिवारी बघू."

थोरला शुक्रवारी गेला.

पुतणी चौथ्यांदा आली. डोळे कोरडे. म्हणाली, "काका, माप घ्यायला या."

आता इथे जरा आमच्या धंद्यातलं ऐका. म्हणजे त्यांच्या धंद्यातलं. पेटीचं माप उभ्या माणसावरून घेत नाहीत. माणूस मेला की त्याची पावलं सुटतात, चवडे पुढे झुकतात. उभा होता त्याहून आडवा माणूस चार बोटं लांब भरतो. म्हणून पेटीवाल्याने स्वतः जायचं, मापकाठी देहाशेजारी ठेवायची, डोक्यापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत खूण करायची. कुणी सांगितलेलं माप घ्यायचं नाही, आठवणीतलं तर मुळीच नाही. धंदा शिकायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हे. याने चाळीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता.

"माप मला पाठ आहे," तो म्हणाला. "लहानपणी एकाच भिंतीवर आमच्या उंचीच्या रेघा होत्या. त्याच्या रेघेखाली मी जन्म काढला."

"एकदा येऊन बघा तरी."

"मी कधी चुकलोय?"

ती गेली. त्याने पेटी केली. साधी, वेलबिल काही नाही. मोजून मापून अगदी थोरला उभा असायचा तेवढी.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये चौघांनी थोरल्याला उचलून आत ठेवलं, आणि पाय मावेनात. डोकं वर सरकवलं, तर वरची फळी. पावलं वळवून बघितली, तर ती वळेनात. सगळं चर्च गप्प. असली शांतता फादरांना प्रवचनात कधी मिळाली नव्हती. पेटीवाला हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभा, आणि सगळ्या माना त्याच्याकडे. तरी 'वा' कुणी म्हणालं नाही.

शेवटी वहिनी पुढे झाली. तिने नवऱ्याच्या पायांतले बूट काढले, तरी दोन बोटं उरलीच. मग तिने दोन्ही हात त्याच्या गुडघ्यांखाली घातले, झोपेतलं मूल हलवावं तसे ते हलकेच उचलले, आणि पाय दुमडून आत घेतले. गावातला सगळ्यात उंच माणूस पोटात कळ आल्यासारखा पडून राहिला. ती बाजूला झाली आणि म्हणाली, "मिटा, भाऊजी."

एवढंच. रागावली असती तरी बरं झालं असतं. सहा स्क्रू होते. सहाही त्याने पिळले. झाकण दुमडलेल्या गुडघ्यांवर टेकत होतं. प्रत्येक स्क्रूला ते जरा वर उचललं जायचं आणि तो दाबून खाली बसवायचा.

या बाई, या. दारात उन्हात का उभ्या? तिथे फळ्यांवर बसा. तोंड नीट दिसत नाही मला, ऊन पाठीमागून येतंय, पण बसा. व्हार्निशला वेळ आहे, आणि गोष्टही अजून वाळली नाही.

तर त्या दिवसापासून पेटीवाल्याला झोप नाही. डोळा लागला की सहा स्क्रू. आठवडाभराने तो पापकबुलीला गेला. आता तिथले फादर कानाने जड. त्यांच्या जाळीशी कुजबुजलेलं पाप त्यांना ऐकू यायचं नाही आणि मोठ्याने सांगितलं तर रांगेतल्या सगळ्यांना फुकटात ऐकायला मिळायचं. त्यामुळे गावात चोऱ्यामाऱ्या फार कमी.

"फादर, मी भावाचे गुडघे..."

"कुणाचे?"

"भावाचे!"

"काय केलंस भावाचं?"

"गुडघे दुमडले, फादर! मेल्यावर!"

रांगेतले सगळे तिसऱ्या बाकापर्यंत मागे सरकले. मग त्याने सगळं सांगितलं: खुर्ची, वेल, तीन निरोप, शनिवार, माप. फादरांनी ऐकलं, डोळे मिटले, माफीची प्रार्थना म्हटली आणि म्हणाले, "देवाने तुला क्षमा केली आहे. घरी जाऊन तीनदा प्रार्थना म्हण."

"तीनदा?" पेटीवाला ओरडला. "बस? फादर, एवढ्या पापाला एवढीच शिक्षा? हे मापात बसत नाही!"

"शिक्षा हवी असेल तर पोलीस चौकी समोरच्या रस्त्याला आहे," फादर म्हणाले. "इथे क्षमा मिळते. आणि ऐक. तुझ्या वहिनीकडे जा."

पहिलं त्याला पटलं नाही, आणि दुसरं त्याने ऐकू न आल्यासारखं केलं. कान जड असण्याचे फायदे त्यालाही ठाऊक होते.

तो घरी आला आणि विचार करू लागला. देव म्हणजे शेवटी मापाचा पक्का. जसं माप द्यावं तसं मिळतं, हे लहानपणापासून त्याने चर्चमध्ये ऐकलेलं. मग फादर म्हातारे झाले असतील, देव थोडाच म्हातारा झालाय? न्याय तर व्हायलाच हवा. आणि देवाला सवड नसेल तर आपल्याकडे करवत आहे.

त्याने एक पेटी केली. स्वतःच्या मापाची, चार बोटं कमी. रोज दुपारची घंटा झाली की कारखान्याचं दार ओढून घ्यायचं, पेटीत आडवं व्हायचं, गुडघे दुमडायचे आणि तिसऱ्या प्रहरच्या घंटेपर्यंत तसंच पडायचं. झाकण लावत नसे. लावलं असतं तर स्क्रू कोण पिळणार? एकट्या माणसाची हीच तर अडचण. पहिल्या दिवशी उठला तेव्हा गुडघे धरून दहा मिनिटं उभा राहता येईना. त्याला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी तो पोटभर जेवला.

आठ दिवस झाले. नवव्या दुपारी तो पेटीत पडला आणि त्याच्या लक्षात आलं, पाय सरळ आहेत.

वाटलं, म्हातारपणी माणूस आखडतो, आपण आखडलो. उठून भिंतीला पाठ लावली, खूण केली, मोजलं. होता तेवढाच होता. मग पेटी मोजली. पेटी चार बोटं वाढली होती.

"लाकूड ओलं असणार," खणारा म्हणाला. "फुगलं."

फुगतं ते रुंदीत, बाबा. लाकूड लांबीत कधी वाढतं का? खड्डा खणून खणून तुझी अक्कलही खोल गेली. वाढत नाही, म्हणून तर सांगतोय.

त्याने करवत घेतली, पायाकडची फळी सोडवली, दोन्ही कडा चार-चार बोटं कापल्या, फळी परत ठोकली. आडवा झाला. गुडघे दुमडले. हुश्श. दुसऱ्या दुपारी पुन्हा पाय सरळ. पुन्हा कापली. तिसऱ्या दुपारी पुन्हा सरळ. त्याने लाकूड बदललं. जुन्या चर्चच्या तुळईतलं, शंभर वर्षं वाळलेलं, ज्यात खिळा वाकतो असलं लाकूड आणलं. तेही वाढलं. मग त्याने भोवती लोखंडी पट्टी ठोकली. तर दुसऱ्या दिवशी पट्टीही वाढलेली, आणि तीसुद्धा मुकाट, एक करकर नाही. चाळीस दिवस हा कापतोय आणि पेटी वाढतेय. चार बोटांचे तुकडे रचून कोपऱ्यात छातीएवढा ढीग झाला. तेच चुलीत घालायचा. सबंध थंडीत त्याला सरपण विकत घ्यावं लागलं नाही.

चिडला तो. कारखान्यात एकटा उभा राहून वर बघून ओरडला, "मला भोगू दे की जरा! तुझं काय जातंय?" वरून काही आलं नाही. छपरावरून एक मांजर खाली बघून गेलं.

शेवटी तो फादरांकडे गेला. "फादर, तुमच्या देवाला सांगा, माझ्या कामात पडू नको म्हणावं."

फादर बघायला आले. काठी टेकत पेटीभोवती फिरले, वाकून सांधे बघितले, पट्टीवर बोट फिरवलं. मग पेटीच्या कडेवर बसले.

"माझ्या चर्चचं छप्पर सहा वर्षं गळतंय," ते म्हणाले. "त्यात एक फळी कधी वाढली नाही. आणि तुझ्याकडे चाळीस दिवस रोज! तुझ्यावर फारच मर्जी दिसते."

"मर्जी कसली, फादर? छळ आहे. मी शिक्षा मागतोय."

"कुणाकडे मागतोयस? शिक्षा देणारा तू, भोगणारा तू, माप घेणारा तू. यात देवाला जागाच कुठे ठेवलीस? बिचारा चार बोटांची वाट काढून आत शिरतोय, तर तीही तू रोज कापून टाकतोस."

पेटीवाला करवतीला लागलेला भुसा पुसू लागला.

"प्रभूच्या शेजारी क्रूसावर जो चोर होता," फादर म्हणाले, "त्याच्याजवळ तरी काय होतं? हात खिळलेले. कापायला करवत नाही, भरपाईला वेळ नाही. त्याने फक्त मान वळवली आणि शेजारच्याशी बोलला. तेवढं पुरलं. तुझी मान तर मोकळी आहे, पायही मोकळे आहेत. पण तू वळत नाहीस, नुसता आडवा होतोस."

"वहिनी दार नाही उघडणार."

"नाही उघडणार कदाचित."

"मग?"

"मग दारात उभं राहायचं. ते तुझ्या हातातलं नाही, म्हणूनच तुला ही पेटी आवडते. इथे सगळं तुझ्या हातात आहे." फादर उठले, काठीने त्यांनी पेटीवर दोनदा ठोकलं. "लपायला जागा चांगली केलीस, हां. काम मात्र चोख आहे तुझं."

ते गेल्यावर पेटीवाला तसाच बसून राहिला. त्या दुपारी तो पेटीत पडला नाही. कापलीही नाही. दुपारची घंटा झाली, तिसऱ्या प्रहरची झाली, आणि त्याला थोरल्याचा तिसरा निरोप आठवत राहिला. मागे घेत नाही, पण तू ये. अकरा वर्षं त्याला वाटत होतं, आधी दोष पुसला जावा, मग पाऊल उचलावं. आणि भाऊ तर पुसल्याशिवायच बोलवत होता. म्हणजे सगळं बघून, सगळं मोजून, वर बोलवत होता. असं माप त्याने आयुष्यात कधी घेतलं नव्हतं.

"मग गेला का तो?" घंटावाल्याने विचारलं. तो आता मांडी मोडून पाय खाली सोडून बसला होता.

गेला तर! न जाऊन सांगतो कुणाला? आंघोळ केली, नखांतलं व्हार्निश खरवडून काढलं, धुतलेला सदरा घातला. गल्ल्या चार, पण चालताना चाळीस झाल्या. पहिल्या गल्लीत लोहार म्हणाला, "कुणाचं माप घ्यायला?" हा तसाच पुढे निघाला. दुसऱ्या गल्लीत शाळा लागली, तिसरीत पाण्याची टाकी. चौथीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान. तिथे त्याचे पाय थांबले. मशीन चालू होतं, शिंपी मान वर न करता शिवत होता. पेटीवाला टपरीवर पेपर वाचावा तसा दुकानाची पाटी वाचत उभा राहिला. चार शब्दांची पाटी, अर्धा तास पुरली. छातीत ते सहा स्क्रू एकेक करून पिळले जात होते. मग त्याने डोळे मिटले, आणि निघाला.

"शाब्बास!" खणारा म्हणाला.

दार वाजवलं. वहिनीने उघडलं. केस सगळे पांढरे झालेले. बघत राहिली. तो पाय उचलून आत जायला लागला आणि उंबऱ्याला अशी ठेच लागली, की म्हातारा थेट वहिनीच्या पायांपाशी. गुडघ्यांवर! ठरवूनही इतकं चांगलं जमलं नसतं. तसाच खालून म्हणाला, "वहिनी, माप नाही चुकलं. मी चुकलो. मला यायचं नव्हतं, म्हणून मी त्याला दुमडला." वहिनीने त्याला दंडाला धरून उठवलं. म्हणाली, "या भाऊजी. किती उशीर केलात." पुतणीने पाणी आणून दिलं. खिडकीजवळ थोरल्याची खुर्ची होती, तीवर त्याला बसवलं. मग तिघांनी बसून चहा घेतला. कुणी कुणाला काही विचारलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत सगळं सांगून झालं. घरी येऊन बघतो, तर पेटी जेवढ्यास तेवढी. त्या दिवसापासून एक बोटभर वाढली नाही.

घंटावाल्याने बाहीला नाक पुसलं. खणारा फावड्याच्या दांड्याकडे बघत होता.

"खोटं," दाराकडून आवाज आला.

फळ्यांवर बसलेली बाई उठून उभी राहिली. उभी राहिली तेव्हा दारातलं ऊन बरंचसं अडलं.

"तेवढंच खोटं," ती म्हणाली. "पेटी वाढली असेल, मला काय माहीत. पण आमच्या दाराला उंबरा नाही, काका. बाबांना शेवटी चाकाच्या खुर्चीवरून आत-बाहेर न्यावं लागायचं, म्हणून तेव्हाच काढून टाकलाय. आत आला असतात तर ठेच कशाला लागली असती? आणि पाणी मी कुणाला दिलेलं नाही."

तिने अंगावरचा भुसा झटकला.

"शिंप्याच्या दुकानापर्यंत येता, तिथवर खरं आहे. या महिन्यात तीनदा आलात. आई खिडकीत असते. तुम्ही कोपऱ्यावर दिसलात की ती आत जाऊन आधण ठेवते, तीन कपांचं. मग तुम्ही पाटी वाचता आणि मागच्या मागे जाता. तो तिसरा कप दर वेळी मला प्यावा लागतो. आणि मला चहा आवडत नाही."